दुरून तालीम

घरातल्या कुणाचा वाढदिवस असला की व्हिडिओ कॉलवर सगळे जमतात. पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी अशा चार-पाच ठिकाणांहून एकदम गाणं सुरू होतं आणि दुसऱ्या ओळीपर्यंत त्याची पार दाणादाण उडते. प्रत्येकाला वाटत असतं, आपण बरोबर होतो, बाकीचे मागे पडले. आणि प्रत्येकाचं ते म्हणणं खरंच असतं. न्यू जर्सीच्या काकूंना पुण्याचा आवाज उशिरा पोचतो, पुण्याला काकूंचा उशिरा पोचतो, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या घरात इतर सगळे मागे पडलेलेच ऐकू येतात.

वाढदिवसाला हे चालून जातं. पण चाळीस-पन्नास माणसांकडून चार वेगवेगळ्या सुरावटी एका वेळी, एका लयीत गाऊन घेणं हेच ज्याचं काम, त्या कॉयरच्या संचालकाने काय करायचं? २०२० च्या मार्चमध्ये हा प्रश्न जगभरच्या संचालकांपुढे एकदमच येऊन उभा राहिला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन या गावी स्कॅजिट व्हॅली कोराल नावाचा हौशी गायकवृंद आहे. १० मार्चला, मंगळवारी, त्यांची नेहमीची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं, खुर्च्या जवळजवळ लावलेल्या, मधल्या सुटीत संत्री आणि बिस्किटं. एका गायकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्याच्यासह ५३ जण आजारी पडले आणि त्यांतले दोघे दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे महिन्यात या तालमीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा गाणाऱ्यांच्या जगात धडकी भरली. दीर्घ श्वास, मोकळा गळा आणि जवळ-जवळ उभं राहणं या सामूहिक गायनाच्या मूळ गोष्टी. नेमक्या त्याच धोक्याच्या ठरल्या. तालीम घरोघरच्या पडद्यांवर गेली ती अशी.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यांची गाठ पडली ती विलंबाशी. तो कुठून येतो हे नीट कळलं, की दूरस्थ तालमीत काय जमेल आणि काय कधीच जमणार नाही याचा उलगडा होतो, म्हणून इथे जरा थांबू.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मीटरवरच्या माणसाचा सूर आपल्यापर्यंत यायला जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात. एकत्र उभं राहून गातानाही विलंब असतोच, फक्त तो आपल्या सवयीचा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार-संशोधक क्रिस चेफ यांनी यावर सुरेख प्रयोग केले. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि एकमेकांचं ऐकत टाळ्यांचा ठेका धरायला सांगायचा. मधला विलंब संशोधकांच्या हातात. विलंब साधारण दहा ते वीस मिलिसेकंदांत असला की लय स्थिर राहते. त्याहून कमी झाला तर लय हळूहळू चढते. वाढला तर उतरू लागते, आणि साठ-सत्तरच्या पुढे ठेका धरणंच कठीण होतं. दहा ते वीस मिलिसेकंदांचं अंतरात रूपांतर केलं तर साडेतीन ते सात मीटर येतात. मंचावर दोन गाणारे एकमेकांपासून एवढेच लांब असतात. आपले कान या अंतराला सरावलेले आहेत.

व्हिडिओ कॉलवर काय होतं? माइकने टिपलेला आवाज सेकंदाला सहसा ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने आकड्यांत बदलतो. हे नमुने गठ्ठ्याने पुढे सरकतात. १२८ नमुन्यांचा गठ्ठा भरायलाच पावणेतीन मिलिसेकंद जातात, आणि नेहमीच्या कॉलमध्ये गठ्ठे यापेक्षा बरेच मोठे असतात. मग तो आवाज दाबून लहान केला जातो, त्याची पाकिटं होतात, ती वायफायमधून राउटरकडे, तिथून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि मग समोरच्याकडे जातात. वाटेत काही पाकिटं मागे-पुढे होतात, म्हणून समोरचं यंत्र लगेच वाजवत नाही. थोडा साठा करतं आणि मग वाजवतं. सगळं मिळून दीडशे मिलिसेकंद सहज होतात, अनेकदा त्याहून जास्त. म्हणजे पडद्यावर हातभर अंतरावर दिसणारा गायक कानाच्या हिशेबाने पन्नास मीटर लांब उभा असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची, त्यातला तिसरा हिस्सा असा वाटेतच जातो. दोघं एकमेकांसाठी थांबतात, थांबणं पुन्हा उशिरा पोचतं, लय आणखी उतरते.

यातला बराचसा विलंब यंत्रांचा आणि सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे तो कमी करता येतो. याच क्रिस चेफ यांनी हुआन-पाब्लो कासेरेस यांच्याबरोबर जॅकट्रिप नावाचं सॉफ्टवेअर घडवलं होतं. ते आवाज न दाबता, जसाच्या तसा पाठवतं. जर्मनीच्या फोल्कर फिशर यांचं जॅमुलस हेही याच कामाचं, मोफत आणि जुनं. कोविडच्या काळात दोन्हींना एकदम हजारो वापरणारे मिळाले. पण त्यांच्या अटी कडक आहेत. वायफाय चालत नाही, संगणकाला लॅनची केबल लागते. ब्लूटूथचे हेडफोन चालत नाहीत, कारण ते एकटेच शंभर-दोनशे मिलिसेकंद खाऊ शकतात. शक्यतो वेगळा ऑडिओ इंटरफेस लागतो. आणि जॅमुलसवर गाताना स्वतःच्या गळ्याकडे लक्ष न देता सर्व्हरकडून परत आलेला आपला आवाज ऐकत गावं लागतं. हे शिकायला हौशी गायकाला काही आठवडे लागतात. एकाच शहरातले, तंत्राची आवड असलेले आठ-दहा जण असतील तर हा मार्ग जरूर धरावा, त्यात खरोखर एकत्र गाता येतं. साठीच्या पुढच्या सभासदांनी भरलेल्या मंडळाला मात्र मी तो सुचवणार नाही. तालमीचा निम्मा वेळ केबल शोधण्यात जातो आणि माणसं गळतात.

उरलेला विलंब अंतराचा, आणि त्यावर कुणाचाच इलाज नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-कोल्हापूर म्हटलं तर एखाद-दुसरा मिलिसेकंद, नगण्य. मुंबई ते न्यूयॉर्क मात्र सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. नुसत्या जाण्याला बासष्ट मिलिसेकंदांहून अधिक, आणि समुद्रातल्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. उद्या कितीही वेगवान इंटरनेट आलं तरी मुंबईचा आणि न्यूयॉर्कचा गायक द्रुत लयीत एकमेकांचं ऐकत बरोबरीने गाऊ शकणार नाहीत. हे एकदा मान्य केलं की पुढचा विचार स्वच्छ होतो.

इंटरनेटला वळसा घालण्याची एक युक्ती इथे सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डेव्हिड न्यूमन या गायक-शिक्षकाने २०२० साली गायकांना आपापल्या मोटारींत बसवलं. प्रत्येकाच्या हाती बिनतारी माइक, सगळ्यांचा आवाज एका मिक्सरवर, तिथून छोट्या एफएम प्रक्षेपकावर, आणि तो प्रत्येकाच्या गाडीच्या रेडिओवर. जुन्या पद्धतीच्या बिनतारी माइकला विलंब जवळजवळ नसतोच. काचा बंद करून, मैदानात उभ्या केलेल्या गाड्यांत बसून माणसं कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एकत्र गायली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं तंत्र इथे नव्यापेक्षा सरस ठरलं.

पण बहुतेक मंडळांच्या वाट्याला आला तो साधा व्हिडिओ कॉल, आणि आजही तोच येतो. त्यावर तालीम कशी घ्यायची, हा या प्रकरणाचा गाभा.

विलंब असला तरी एका दिशेने सगळं सुरळीत चालतं. संचालक गातो किंवा पेटीवर, पियानोवर ओळ वाजवतो. ती ऐकत तुम्ही तुमच्या घरी गाता, तेव्हा तुमच्या कानात दोन्ही आवाज अगदी जुळलेले असतात. ती ओळ अर्ध्या सेकंदापूर्वी निघाली होती याच्याशी तुम्हाला काहीच देणंघेणं नसतं. घोळ होतो तो तुमचा आवाज परत पाठवला की. म्हणून दूरस्थ तालमीत एकाचाच माइक चालू, बाकी सगळे म्यूट. अनेकांना हा नियम अपमानासारखा वाटतो, गायला बोलावलं आणि तोंड बंद करायला सांगितलं असा. तोंड बंद करायचं नाहीच. मोकळ्या गळ्याने गायचं, फक्त माइक बंद ठेवायचा. हे संचालकाने दर तालमीच्या सुरुवातीला सांगावं, कारण म्यूटचं बटण दिसलं की माणसं आपोआप पुटपुटायला लागतात.

आपल्याकडे हे वळण नवं नाही. गुरूने एक जागा घ्यायची, शिष्याने ती तशीच म्हणायची, पुन्हा गुरूने, पुन्हा शिष्याने. या शिकवणीत दोघं आळीपाळीने गातात, म्हणून तिला विलंबाचा फारसा त्रास होत नाही. पुण्या-मुंबईतले शिक्षक कोविडच्या कितीतरी आधीपासून स्काइपवर अमेरिका-इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांना गाणं शिकवत होते, ते याच जोरावर. अडचण येते ती तबल्याबरोबर बसायची वेळ आली की, आणि तिथे विद्यार्थी आपल्या घरी ॲपवरचा ठेका लावून मार्ग काढतो. कॉयरच्या संचालकाने तालीम आखताना हीच पद्धत धरावी.

समजा, चार सुरावटींच्या गटांपैकी आल्टो गटाची चार मात्रांची एक अवघड जागा बसवायची आहे. संचालक ती एकदा गाऊन दाखवतो. मग म्हणतो, आता माझ्याबरोबर. पुन्हा गातो, घरोघरी आल्टो त्याच्याबरोबर गातात. मग म्हणतो, आता मी फक्त मात्रा मोजतो, तुम्ही गा. तो हाताने चार मात्रा मोजतो आणि गप्प राहतो. त्या चार मात्रांत त्याला पंख्याच्या आवाजाशिवाय काहीही ऐकू येत नाही. मग गटातल्या एका गायिकेला तो माइक चालू करायला सांगतो. ती ओळ गाते, आणि त्याच वेळी सोप्रानो, टेनर आणि बास आपापल्या घरी तिच्या सुरावर आपली सुरावट चढवतात. प्रत्येकाच्या खोलीत दोन आवाजांची संगती तयार होते. जिच्यावर सगळे गाताहेत तिला मात्र ती ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या वेळी माइक दुसऱ्याकडे द्यायचा. हे आळीपाळीने झालं पाहिजे, नाहीतर त्याच त्या गायिका नेहमी एकट्या पडतात.

ती शांतता संचालकाला सगळ्यात जड जाते. आयुष्यभर ज्याने कानाने काम केलं त्याच्यापुढे पन्नास चेहरे आहेत, सगळ्यांची तोंडं हलताहेत आणि आवाज शून्य. अशा वेळी डोळ्यांकडून काम घ्यावं लागतं, आणि डोळ्यांना बरंच कळतं. श्वास घेताना कुणाचे खांदे वर जातात, कुणाचा जबडा ‘आ’कारातही मिटलेला राहतो, कोण शब्दाच्या मधेच श्वास तोडतं, कुणाची नजर कागदावरून हलत नाही. सभागृहात तिसऱ्या रांगेत लपणारा माणूस इथे पहिल्या रांगेतल्याइतकाच मोठा दिसतो. फक्त कोण लवकर सुरू झालं आणि कोण उशिरा, हे पडद्यावरून ठरवू नये. चित्रही उशिराच येतं, आणि प्रत्येकाचं वेगवेगळ्या उशिराने.

आवाजाच्या सेटिंगकडे दुर्लक्ष केलं तर यातलं काहीच साधत नाही. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेली आहेत. बोलताना आवाज सतत तुटत असतो, म्हणून एकाच पट्टीत लांबलेला सूर आला की सॉफ्टवेअरला तो पंखा किंवा मिक्सरची घरघर वाटते आणि ते तो दाबून टाकतं. दीर्घ ‘सा’ तीन सेकंदांनी बुडाल्यासारखा होतो तो यामुळे. झूमने २०२० मध्ये संगीतासाठी वेगळी सोय दिली. ‘ओरिजिनल साउंड’ चालू करून त्यातला संगीताचा पर्याय निवडला की ही दडपशाही थांबते. मात्र प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा त्यासोबत बंद केली, तर गाणाऱ्याने हेडफोन लावलेच पाहिजेत, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून सगळ्यांना परत ऐकू येतो. संचालकाकडे बरा माइक, तारेचे हेडफोन आणि लॅनची केबल एवढं असलं तर पन्नास जणांची तालीम सुधारते. गायकांना साधा मोबाइल आणि इअरफोनही पुरतो.

वेळही आवरता घ्यावा. सभागृहातली दोन-अडीच तासांची तालीम पडद्यावर तासा-सव्वा तासावर आणावी. पडद्याकडे बघत, बसल्या जागी गाणं जास्त थकवतं. त्यातली पहिली दहा मिनिटं उभं राहून गळा मोकळा करण्यात घालवावीत, आणि तांत्रिक मदतीला दुसरा माणूस असावा. ज्याला गाणं शिकवायचंय त्याने कुणाचा पासवर्ड चालत नाही हे बघत बसू नये.

विलंबाने लय मोडते, पण सुराला तो फारसा धक्का लावत नाही. तानपुऱ्यावर एक लांब ‘सा’ लावला, तो दीडशे मिलिसेकंद उशिरा पोचला, तरी ‘सा’ तो ‘सा’च. त्यामुळे संथ, लांब स्वरांचे अभ्यास सगळ्यांचे माइक चालू ठेवूनही करता येतात, निदान लहान गटात. अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी इंटरनेटवरून अनेक शहरांत एकाच वेळी सादर होणारं संगीत कित्येक वर्षं केलं, त्यात हा विलंब त्यांनी संगीताचा भाग म्हणूनच स्वीकारला होता. आपल्याकडच्या मंडळांना ही वाट अधिक सोपी आहे. प्रत्येकाच्या मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं. सगळ्यांनी एकच पट्टी लावून आकार केला तर ती तालमीची उत्तम सुरुवात ठरते.

दूरस्थ तालमीचं खरं फळ मात्र कॉलच्या बाहेर मिळतं. प्रत्येक गटासाठी सरावाचा वेगळा ट्रॅक द्यावा, एका कानात त्या गटाची सुरावट, दुसऱ्यात बाकीचे तीन गट. आपल्या सुरावटीचा आवाज हळूहळू कमी करत नेला की पाठांतर पक्कं झालं की नाही ते आपोआप कळतं. मग दर आठवड्याला प्रत्येकाने मिनिटभराचं रेकॉर्डिंग पाठवावं, आणि संचालकाने ते ऐकून त्या व्यक्तीला, फक्त त्या व्यक्तीला, दोन ओळींत उत्तर द्यावं. पन्नास रेकॉर्डिंग ऐकणं हे चिकाटीचं काम आहे. पण सामूहिक गाण्यात शेजाऱ्याच्या आवाजाला टेकून गाणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या कित्येकांना आपला गंधार उतरतो हे पहिल्यांदा अशा रेकॉर्डिंगमुळेच कळतं. सभागृहात हे काम वर्षानुवर्षं होत नाही.

एरिक व्हिटेकर यांच्या ‘व्हर्च्युअल कॉयर’बद्दल वाचकांनी ऐकलं असेल. २०१० साली ‘लक्स ऑरुम्क्वे’ ही त्यांची रचना १२ देशांतल्या १८५ गायकांनी आपापल्या घरी गाऊन पाठवली आणि ती एकत्र जोडून प्रसिद्ध झाली. त्यासाठी व्हिटेकर यांनी आधी स्वतःला चित्रित केलं होतं, पूर्ण शांततेत, मनातलं संगीत ऐकत हात फिरवताना. जुलै २०२० मधल्या ‘सिंग जेंटली’मध्ये तर १२९ देशांतले १७,५७२ गायक होते. आपल्याकडे त्याच वर्षी मे महिन्यात २११ गायकांनी घरोघरून गायलेलं ‘जयतु जयतु भारतम्’ आलं. ही कामं मोठी आहेत आणि त्यांनी कठीण दिवसांत लोकांना आधार दिला. पण ती जोडणीची कामं आहेत. त्यांत गायक ट्रॅक ऐकून एकटा गातो, आणि लय आणि तोल संपादकाच्या टेबलावर जमतात. असा व्हिडिओ करायचा झाला तर सगळ्यांकडून सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्यावी, म्हणजे जुळवणं सोपं जातं. मंडळाची सगळी शक्ती मात्र त्यात घालू नये. व्हिडिओ पुरा झाला की तालीम थांबते, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

आता सभागृहं उघडली आहेत, आणि पडद्यावरची तालीम ही सभागृहातल्या तालमीची बरोबरी करत नाही हे कुणी नाकारणार नाही. शेजारच्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास जुळणं केबलमधून जात नाही. तरीही ज्या मंडळांनी ती साधनं माळ्यावर टाकून दिली, त्यांनी आपलेच काही गायक गमावले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्या काकू, तान्ह्या बाळाची आई, बदली होऊन नागपूरला गेलेला बास गायक, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात दीडशे मैलांवरून येणारं जोडपं, यांना दर आठवड्याला येणं शक्य नसतं. त्यांच्यासाठी फार काही लागत नाही. संचालकाच्या शेजारी, त्याचा हात आणि चेहरा दिसेल अशा उंचीवर स्टँडवर एक मोबाइल, आणि गायकांच्या समोर थोडा वर टांगलेला एक बरा माइक. घरच्या गायकाने म्यूट राहून सभागृहाबरोबर गायचं. विलंबाचा नियम इथेही तोच, एका दिशेने सगळं सुरळीत. सभागृहाला त्याचा आवाज येत नाही, पण त्याला पूर्ण वृंदाच्या मधोमध गायला मिळतं, आणि पुढच्या वेळी प्रत्यक्ष आला की त्याची सुरावट तयार असते. तुमच्या मंडळात असा कुणी असेल, तर पुढच्या तालमीपासून एवढं कराच.